नको म्हटलेला झेंडा

ह्यूईकाका,

तुमच्या शवपेटीवर झेंडा होता. तुम्हांला तो नको होता, हे त्या चर्चमध्ये जमलेल्या माणसांत फक्त मला माहीत होतं, आणि मी तिसऱ्या बाकावर मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. आज तुम्हांला जाऊन अकरा दिवस झाले. सफाई द्यायला हे लिहीत नाहीये, सफाई द्यायला तोंड कुठे आहे मला? तुमच्याशी बोलायची सवय गाडीत लागली. आता शेजारची सीट रिकामी असते, म्हणून कागदावर बोलतेय.

आपली ओळख झाली तीही झेंड्यावरूनच. आम्हांला आयर्लंडमध्ये, या लेटरकेनीत येऊन पाच महिने झाले होते. सुहासला इथल्या हॉस्पिटलात नोकरी, आणि मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली. पंधरा ऑगस्टला खिडकीत झेंडा लावायची मला भारी हौस, पण इथे आपला झेंडा मिळणार कुठे? मार्चमधला तुमचा सण झाल्यावर दुकानात उरलेले आयरिश झेंडे स्वस्तात काढले होते, त्यातला एक मी घेऊन ठेवला होता. रंग तर तेच! आडवा फिरवला, केशरी बाजू वर घेतली आणि लेकीच्या, रेवाच्या निळ्या मार्करने मधोमध चक्र काढलं. चोवीस आरे काढायचे होते, एकवीसच बसले. तासाभरात तुम्ही दारात. टोपी हातात, चेहरा गंभीर. "खिडकीतला तो आमचा झेंडा आहे ना? त्याला चाक का लावलंस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी सॉरी करत सुटले, आणि तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. म्हणालात, "बरं केलंस. आमचं गाडं कधीपासून जागचं हललेलं नाही. चाक लावून तरी बघू."

त्यानंतर तुम्हीच मला गाडी शिकवायचं मनावर घेतलंत. गाडीशिवाय या गावात माणूस लंगडा, आणि मला तर डॉक्टरांना जेवणाचे डबे पोचवायचे होते. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला बसलाच पाहिजे असा नियम. सुहासच्या ड्युट्या अशा की तो घरी आला की झोपलेलाच. मग तुम्ही यायचात. तुमच्या 'ह्यूई'ला मी काका जोडलं, कारण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसती नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. त्याचा अर्थ सांगितल्यावर तुम्ही दोनदा म्हणून पाहिलंत. तुम्हांला मूलबाळ नव्हतं, पुतणे-भाचे नव्हते. मला वाटतं, तुम्हांला ते आवडलं होतं. विचारायचं राहून गेलं.

"आधी क्लच, मग राजकारण," असं म्हणायचात आणि पहिल्या गोल चौकातच क्लच विसरायचात. शाळेत मी क्रांतिकारकांवर भाषणं ठोकून ढाली जिंकलेली मुलगी. मला वाटायचं, तुमच्या स्वातंत्र्याची गोष्ट म्हणजे आमचीच गोष्ट, फक्त पाऊस जास्त. तसं नव्हतं. हे सगळं सुरू केलं ते बेलफास्टच्या प्रोटेस्टंटांनी, मी ज्यांना इंग्रजांच्या बाजूचे धरून चालले होते त्यांनी, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी चुकून ब्रेकवरच पाय दिला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे व्यापारी, डॉक्टर, वकील. प्रेस्बिटेरियन पंथाची माणसं, पॅरिसमधली क्रांती पाहून पेटलेली. त्यांना राजा नको होता, इंग्रजांचा हुकूम नको होता, आणि कॅथलिक कोण नि प्रोटेस्टंट कोण हे विचारणंच बंद व्हायला हवं होतं. सगळ्यांनी आयरिश एवढंच नाव लावायचं. "हे मूळ," तुम्ही म्हणायचात, "आणि ध्येयही हेच. बाकीचं सगळं मागाहून चिकटलेलं."

मागाहून चिकटलेलंही तुम्ही सांगितलंत. त्या माणसांचं बंड चिरडलं गेलं, शपथा घेणारे गट भूमिगत झाले, ईस्टरच्या आठवड्यात डब्लिनमध्ये बंदुका बाहेर आल्या आणि पुढाऱ्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्यावर अख्खा देश उलटला. मग देश मिळाला तो सहा परगणे कापून, ते इंग्रजांकडेच राहिले. तुमचं गाव त्या कापलेल्या भागात. घरं वाटताना कॅथलिकांचा नंबर शेवटी, नोकरीत शेवटी. तुमचा थोरला भाऊ मोर्च्यात शांतपणे चालताना डोकं फोडून घेऊन आला. एकदा इंग्रज सैनिक घरझडतीला आले आणि आईच्या लग्नातल्या बशांचं कपाट त्यांनी मुद्दाम आडवं केलं. "मी पुस्तक वाचून बंदूकवाल्या संघटनेत गेलो नाही," तुम्ही म्हणालात. "बशांचा आवाज ऐकून गेलो. पुस्तकं नंतर वाचली." एकोणीस वर्षांचे होतात तुम्ही.

आपला रस्ता ठरलेला होता. डेरी शहराच्या दिशेने जायचं आणि सीमेच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावरून परत फिरायचं. पलीकडे काहीच नव्हतं. चौकी नाही, फाटक नाही, नुसत्या पाटीवर किलोमीटरचे मैल होतात. पण माझ्याकडे भारताचा पासपोर्ट, मला पलीकडे जायला इंग्लंडचा व्हिसा हवा. मी तुम्हांला हे सांगितलं तेव्हा तुम्ही त्या पाटीकडे बोट केलंत. "ती रेघ पुसायला आम्ही काय काय केलं," तुम्ही म्हणालात, "आणि आज ती पाळणारी अख्ख्या रस्त्यावर तू एकटी." मी हसले. तुम्हीही पन्नास वर्षांत ती ओलांडली नव्हती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठीच गाडी वळवायला लावता.

माझ्या हातून झालेली मोठी चूक म्हणजे तो सत्कार. आमच्या मराठी मंडळींचा सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम होता. पंचवीसेक घरं, कम्युनिटी सेंटरचा हॉल, उपमा आणि जिलबी. मीच सुचवलं की आमच्या शेजारी एक स्वातंत्र्यसैनिक राहतात, त्यांचा सत्कार करू. सगळ्यांना कल्पना फार आवडली. तुम्हांला मी नुसतं "जेवायला या" म्हणून आणलं. आणि मग माइकवरून ओळख, टाळ्या, तुमच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. कुणीतरी तुमच्या पायाही पडलं. तुम्ही उभे होतात, बर्फासारखे पांढरे पडून. मला वाटलं, गहिवरलात.

परतताना तुम्ही शाल काढली नव्हती. नारळ मांडीवर होता. "याचं काय करायचं?" तुम्ही विचारलंत. फोडायचा, मी म्हटलं. थोड्या वेळाने तुम्ही मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलीत, आणि समोरच्या काचेकडे बघत बोललात.

तुम्ही तेव्हा पावाच्या गाडीवर काम करायचात. घरोघर पाव पोचवायचे. विल्यम नावाच्या एका शेतकऱ्याचं घर त्या वाटेवर होतं. प्रेस्बिटेरियन माणूस. शेती करून आठवड्यातले काही दिवस पोलिसांत अर्धवेळ जायचा. त्याची बायको जीन तुम्हांला दारात उभ्याउभ्याच, पण रोज चहा द्यायची. एक दिवस संघटनेतल्या कुणीतरी तुम्हांला विचारलं, विल्यम गुरांचं करायला किती वाजता परततो? तुम्ही म्हणालात, साडेपाच. "मी एवढंच केलं, मेधा. मी वेळ सांगितली."

विल्यमला मारल्यानंतर आठवड्याने पावाची गाडी पुन्हा त्या दारात थांबली, कारण न थांबली असती तर संशय आला असता. जीनने रोजच्यासारखा चहा दिला आणि विचारलं, "ह्यूई, आमच्या ह्यांच्याबद्दल कुणी तुझ्याकडे काही चौकशी केली होती का रे?" तुम्ही म्हणालात, नाही. तिने मोठा श्वास सोडला. म्हणाली, मी सगळ्यांना सांगतेच आहे, तो पोरगा तसा नाही. आणि तिने कप पुन्हा भरला.

"आणि तुम्ही तो प्यायलात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. त्याच आठवड्यात तुम्ही सीमा ओलांडून इकडे आलात, तुरुंगाला घाबरून नाही, त्या दाराला घाबरून.

मग झेंड्याचं सांगितलंत. "मी मेल्यावर संघटनेतले ते जुने लोक येतील आणि पेटीवर झेंडा घालतील. घालू देऊ नकोस. हिरवी पट्टी आमची. पांढरी म्हणजे दोघांमधला समेट. केशरी त्यांची, विल्यमच्या माणसांची. त्या पट्टीखाली मी कसा झोपू?" उनाताईंना का सांगत नाही, मी विचारलं. "तिला सांगायचं तर कारणही सांगावं लागेल. माझ्या बहिणीला वाटतं, मी फक्त पत्रकं वाटायचो." मी म्हटलं, "मी बघेन." किती सहज म्हटलं! डबा पोचवते म्हणावं, तसं.

त्यानंतर तीन आठवडे मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हांला ते कळलं होतं, कारण तुम्ही बेल वाजवली नाहीत. मला राग कशाचा होता, ते मला आजही नीट सांगता येत नाही. विल्यमपायी होताच, त्याच्या बायकोपायी तर जास्तच होता. पण थोडा राग माझ्या ढालींचाही होता. ज्यांच्यावर मी टाळ्या मिळवल्या, त्यांच्याही वाटेवर कुठल्यातरी दारात एखादी जीन उभी असेल, हे कोणत्याच भाषणात नव्हतं. मग एका सकाळी माझी गाडी सुरूच होईना, डबे थंड होत होते, आणि तुम्ही न बोलावता केबल घेऊन आलात. "ग्रँड," इंजिन घुरघुरल्यावर तुम्ही म्हणालात, आणि शेजारी बसलात. आपण पुन्हा भांडायला लागलो. मी म्हणायची, जीनला खरं सांगा, अजून असेल ती. तुम्ही म्हणायचात, तिच्याकडे नवरा नाही, निदान समजूत तरी आहे, तीही काढून घेऊ? मी म्हणायची, ही पळवाट आहे. तुम्ही म्हणायचात, असेल. माझी ड्रायव्हिंग टेस्ट झाली, मी पास झाले, तुम्ही रेवापेक्षा जोरात ओरडलात. भांडण मात्र तिथेच राहिलं.

मग अचानक तुमचं दुखणं आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं. शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही बोलत नव्हतात. मी हात धरला, तेव्हा तुम्ही माझी बोटं दाबलीत की नुसतीच हालचाल होती, कोण जाणे.

तुमच्या घरी शवपेटी पुढच्या खोलीत उघडी ठेवली होती. अख्खं गाव रांगेने येत होतं, उनाताईंचा हात हातात घेत होतं, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होतं. आमच्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भात घेऊन आले, तर स्वयंपाकघरात सँडविचचे डोंगर आणि किटली क्षणभर थंड नाही. मग मीही पदर खोचला. दोन दिवस चहा ओतला. तुमच्या एका म्हाताऱ्या मित्राने पिठलं खाऊन "लव्हली" म्हटलं आणि घाम पुसला. तुम्ही असतात तर हसला असतात.

दफनाच्या सकाळी ती तीन माणसं आली. काळे टाय, काळे हातमोजे, त्यांतला एक काठीवर. घडी घातलेला झेंडा. ते पुढच्या खोलीत थांबले आणि उनाताई आत माझ्याजवळ किटलीपाशी आल्या. अर्ध्या माझ्याशी, अर्ध्या स्वतःशीच म्हणाल्या, "झेंडा घालू म्हणतायत. ह्यूई मला कधी हो-नाही बोलला नाही. काय बिघडतंय, नाही का?"

काका, तो क्षण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला फक्त पाच शब्द बोलायचे होते. त्यांना तो नको होता, उनाताई. कारण विचारलं असतं तर "ठाऊक नाही" म्हणता आलं असतं. पण खोलीभर तुमची माणसं होती, तुमचं गाव, तुमचा धर्म, तुमचा दोनशे वर्षांचा हिशेब, आणि मी कोण? सुहासला ड्युटीमुळे दफनाला येता येणार नव्हतं; आदल्या दिवशी त्याला फोनवर तुमची इच्छा सांगितली होती, तर तो म्हणाला, "मेधा, आपण आउटसायडर आहोत यार. त्यांचं ते बघतील, तू कशाला मध्ये पडतेस?" मी सुहासवर ढकलत नाहीये. मला भीती वाटली. इथे आल्यापासून सात वर्षं कुणाला खुपेल असं न बोलता राहायची जी सवय लागलीय, ती त्या क्षणी माझ्याऐवजी बोलली. मी उनाताईंना विचारलं, "दूध घालू?"

कबरीशी काठीवाल्या माणसाने भाषण केलं. ह्यूईच्या मनात कधी शंकेला जागा नव्हती, तो म्हणाला. शेवटपर्यंत त्याची मान ताठ होती. वारा जोराचा होता, झेंड्याची केशरी बाजू सारखी उडत होती, आणि एका माणसाने ती हाताने दाबून धरली होती, तुमच्या छातीवर.

काल दहावा दिवस. आमच्यात त्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि मग जवळच्या कुणीतरी ती पुरी करण्याचं वचन द्यायचं. तुम्ही कॅथलिक, मी तुमची कोणी नाही, तरी मी मागच्या भिंतीवर भात ठेवला. मला वाटलं, कावळा अडून बसेल. मला शिक्षा तरी होईल. बशी खाली ठेवून मी पाठ वळवते न वळवते तोच दोन कावळे आणि एक सीगल त्यावर तुटून पडले. इथल्या कावळ्यांना कुणाची काय इच्छा राहिली, काही पडलेली नाही.

दुपारी उनाताई आल्या. तुमचं घर आवरतायत. हातात दुकानाची पिशवी होती. तिच्यात ती शाल, तो न फोडलेला नारळ आणि झेंडा. "नारळ शेकोटीवरच्या फळीवर होता," त्या म्हणाल्या, "कुणाला काही कळेना. तुझाच असणार." मी चहा टाकला. झेंडा त्या माणसांनी दफनानंतर घडी करून त्यांना दिला होता. "मला घरात ठेववत नाही," त्या म्हणाल्या. "त्या सकाळपासून मनाला चैन नाही बघ. तू रोज त्याच्याबरोबर गाडीत असायचीस." कप त्यांच्या दोन्ही हातांत होता. "या झेंड्याबद्दल तो तुला कधी काही बोलला होता का गं?"

त्यांचा चेहरा फार थकलेला होता, काका. पंच्याहत्तर वर्षांची बाई, दहा दिवस न झोपलेली. हो म्हटलं असतं, तर झेंडा पेटीवरून निघणार नव्हता. पेटी जमिनीत गेली होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी का विचारलं असतं. माझ्याकडे बोलायची एकच वेळ होती आणि ती मी दुधात घालवली होती.

"नाही," मी म्हटलं.

उनाताईंनी मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "उगीच जिवाला घोर लावून घेतला."

झेंडा आता आमच्या हॉट प्रेसमध्ये आहे, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली. फेकता येत नाही, परत देता येत नाही. केशरी बाजू वर आली म्हणून मी घडी उलटली, तर हिरवी वर आली, म्हणून पुन्हा उलटली. रेवाने शाळेतून आल्यावर पाहिला आणि विचारलं, "मॅमी, विल आय ड्रॉ द व्हील ऑन इट?" नको, म्हटलं.

त्या दिवशी गाडीत मी तुमच्यावर ओरडले होते, आणि तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत. ते उत्तर आता मला नको आहे. काल उनाताईंनी रिकामा कप पुढे केला आणि म्हणाल्या, अजून थोडा घेऊ या का, तू पण घे. मी दोघींचे कप भरले.

मी तो प्यायले, काका.